दोनशे चौदा वेळा

मोहाडीच्या धान उत्पादक संघात रीता सोनकुसरे नावाची एक मुलगी कामाला होती आणि तिच्यामुळे तीनशे शहाऐंशी शेतकऱ्यांची नोंदणी बुडाली, असं आज त्या भागात कोणीही सांगेल. कोणाला तिचं नाव आठवणार नाही, पण 'ते कोष्ट्याची पोरगी' म्हटलं की माना हलतात. झालं ते असं नव्हतं. पण कसं झालं ते सांगायला बसलं की लोक दोन मिनिटांत उठून जातात, कारण त्यात सर्व्हर येतो, मेमरी येते, आणि तेवढं ऐकून घ्यायची कोणाची तयारी नसते.

रीता आंधळगावची. वडील चंद्रभान कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणतात. घराच्या पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. गावातल्या निम्म्या मागांवर आता चादरी वाळत असतात, पण चंद्रभानचा माग चालू राहिला. धाकटा कुंदन बुटीबोरीला कारखान्यात लागला. रीता भंडाऱ्याच्या कॉलेजातून संगणकाची पदवी घेऊन आली. तिच्या बरोबरीच्या पोरी पुण्याला गेल्या. आई जानकीबाईच्या दोन्ही गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे ती राहिली. संघाला संगणक चालक पाहिजे होता, कंत्राटावर. दरवर्षी मार्चमध्ये नवा कागद. तिनं त्या कागदावर सात वेळा सही केली.

काम सोपं होतं. खरिपाचं धान निघायच्या आधी शेतकऱ्यांनी नोंदणी करायची: सातबारा, आधार, किती एकरांत धान लावलं ते. संघाच्या आठ केंद्रांवरून हे सगळं मोहाडीच्या सर्व्हरवर यायचं आणि शेवटच्या तारखेला संध्याकाळी पाच वाजता यादी वर जायची. यादीत नाव असलं तर धान केंद्रावर हमीभावानं विकता येतं. नसलं तर व्यापारी खळ्यावर येऊन म्हणेल त्या भावानं द्यावं लागतं.

तो सर्व्हर बारदान्याच्या खोलीत होता. एका बाजूला छतापर्यंत रिकाम्या पोत्यांच्या थप्प्या, दुसऱ्या बाजूला लाकडी पार्टिशन करून त्यात ते यंत्र आणि एक गळका एसी. नागपूरच्या एका कंपनीनं यंत्र आणि नोंदणीचं सॉफ्टवेअर दोन्ही दिलं होतं. कंपनीचा इंजिनिअर कुलदीप वर्षातून दोनदा येई, पोत्यांच्या धुळीनं शिंकत अर्धा तास बसे, जेवून परत जाई. रीताच्या कामाच्या यादीत सर्व्हर नव्हता. पण ती खोली झाडायलाही कोणी जात नव्हतं, म्हणून ती जायला लागली.

तेव्हा सर्व्हर पाच-सहा दिवसांतून एकदा बसायचाच. केंद्रावर रांग लागलेली असताना स्क्रीन गोठायचा, मग फोन, मग 'सर्व्हर डाऊन हाय, उद्या या'. लोक शिव्या देत सायकली वळवायचे. कंपनीला फोन केला की उत्तर ठरलेलं: बंद करून चालू करा. रीतानं एकदा बंद करून चालू करायच्या आधी यंत्राच्या नोंदी उघडून पाहिल्या. तिथं स्पष्ट लिहिलं होतं की मेमरी संपली म्हणून लिनक्सनं, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रणालीनं, नोंदणीचा प्रोग्राम मारून टाकला. लिनक्सचं असंच आहे. मेमरी पार संपली की ते सगळ्यात जास्त मेमरी अडवून बसलेल्या प्रोग्रामचा गळा धरतं, म्हणजे बाकीचे तरी जगतील. आणि सगळ्यात जास्त अडवून बसलेलं असायचं ते कंपनीचं सॉफ्टवेअर.

तिनं आठ ओळींची एक शेल स्क्रिप्ट लिहिली. दर पाच मिनिटांनी ती आपोआप चालायची, किती मेमरी खरोखर वापरता येण्यासारखी उरली आहे तो आकडा घ्यायची, आणि तारीख-वेळेसकट एका फाईलमध्ये एक ओळ लिहून झोपी जायची. 'फ्री' या रकान्यातला आकडा नेहमीच कमी दिसतो, कारण लिनक्स रिकामी मेमरी फायलींसाठी वापरून घेतं आणि मागितली की परत देतं. भरवशाचा रकाना 'अव्हेलेबल' हा. हे तिला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. ती वाचून, चुकून, परत वाचून शिकली.

महिनाभराच्या ओळी तिनं एका तक्त्यात घातल्या तेव्हा सगळं उघडं पडलं. दिवसा काम वाढलं की मेमरी कमी व्हावी आणि संध्याकाळी केंद्रं बंद झाली की परत यावी, ही सरळ गोष्ट. इथं गेलेली परत येतच नव्हती. प्रत्येक नोंदणीमागे सॉफ्टवेअर थोडीशी मेमरी घ्यायचं आणि काम झाल्यावर सोडायचं विसरायचं. दोष यंत्रात नव्हता, कंपनीच्या प्रोग्राममध्ये होता.

तिनं तो तक्ता व्यवस्थापक कैलाश गभणेच्या टेबलावर ठेवला. गभणे माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला कुठल्याही गोष्टीची फाईल व्हायला नको असायची. त्यानं तिच्यासमोरच कुलदीपला फोन लावला. कुलदीपनं सांगितलं की यंत्र लहान पडतं, मेमरी वाढवून घ्या. गभणेनं फोन ठेवला आणि म्हणाला, "चालून तर राहिलं ना, रीता? मंग काहून खाजवून काढतेस?"

तेव्हा तिनं स्क्रिप्टमध्ये आणखी पाच ओळी टाकल्या. उरलेली मेमरी दीड हजार एमबीच्या खाली गेली, तर त्या दिवशी दुपारी दोन वाजता, केंद्रावरचे लोक डबे उघडून बसलेले असताना, नोंदणीचा प्रोग्राम बंद करून लगेच परत सुरू करायचा. चाळीस सेकंद लागायचे. हातातला घास गिळून होईपर्यंत ते होऊन जायचं. आणि असं केलं की त्याचीही ओळ फाईलमध्ये. ती ओळ तिनं हौसेनं मराठीत लिहिली होती, इंग्रजी अक्षरांत: मेमरी कमी आहे, सेवा परत सुरू केली.

ही गोष्ट तिनं गभणेला सांगितली नाही. सांगितलं असतं तर त्यानं नको म्हटलं असतं. एकदा घरी वडिलांपुढे बोलली. चंद्रभान मागावर होते. ते म्हणाले, तुटलेला धागा सांधला तर सांधा दिसू नये, दिसला तर कापड गेलं. तिला ते पटलं.

त्यानंतर दोन वर्षं संघाचा सर्व्हर कामाच्या वेळेत एकदाही बसला नाही. गभणेचा वार्षिक सभेत शाल देऊन सत्कार झाला. कंपनीनं आपल्या माहितीपत्रकात संघाच्या इमारतीचा फोटो छापला. रीताला वाईट वाटलं नाही, असं ती सांगते, आणि ते बहुतेक खरं असावं. रांगेतला माणूस अंगठा लावून दहा मिनिटांत बाहेर पडताना तिला खिडकीतून दिसायचा, तेवढ्यावर तिचं भागायचं. त्या रांगेत तिच्या शेजारचे तेजराम तितीरमारेही असायचे. तिला सायकल शिकवलेली ती त्यांनीच. ते खिडकीपाशी थांबून विचारायचे, "तुहा सर्व्हर बरा हाय ना, बाई?"

मागच्या वर्षी कंपनीचा करार नवा झाला आणि त्यात सुरक्षा तपासणीचं कलम आलं. नोंदणीची शेवटची तारीख पाच दिवसांवर असताना कुलदीप आला. सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या कामांची यादी त्यानं काढली, आणि तिसऱ्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. हे कोणाचं, असं त्यानं विचारलं. रीतानं सांगितलं, फाईल उघडून दाखवली, तक्ताही दाखवला. कुलदीप बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला. त्याला समजलं नाही असं झालं असतं तर पुढचं सगळं तिला इतकं लागलं नसतं. पण त्याला समजलं होतं. त्याच्या तोंडावरून ते दिसलं.

"मॅडम, हे आम्हाला माहीत आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "पुढच्या व्हर्जनमध्ये करणार आहोत. पण बाहेरची स्क्रिप्ट मला इथं ठेवता येणार नाही. तपासणीत मी सापडीन."

तिनं गभणेकडे लेखी आदेश मागितला. तो मिळाला: कंपनीच्या परवानगीशिवाय सर्व्हरवर कोणतीही कृती करू नये. मग तिनंही पत्र लिहिलं, की ही स्क्रिप्ट काढल्यास गर्दीच्या दिवसांत सर्व्हर चार-पाच दिवसांत बंद पडेल. आवक शिक्का मारून घेतला. गभणेचं तोंड कडू झालं. "कागदं कायले करतेस बाई तू?" एवढंच तो बोलला. तिनं स्क्रिप्ट काढली.

पुढचे चार दिवस ती रोज सकाळी हातानं तो आकडा पाहायची आणि गभणेला जाऊन सांगायची. चार हजार. तीन हजार. दोन हजारांच्या खाली. प्रोग्राम एकदा परत सुरू करू द्या, असं ती म्हणायची. गभणे म्हणायचा, कुलदीपला विचार. कुलदीप फोन उचलायचा नाही. एकदा उचलला तेव्हा म्हणाला, शेवटची तारीख जाऊ द्या, मग बघू.

शेवटच्या दिवशी सकाळी नऊला तिनं पाहिलं. चारशे दहा एमबी. आठही केंद्रांवर रांगा लागल्या होत्या. मोहाडीच्या केंद्रावर तेजराम सातपासून उभे होते; घरी नातवाला ताप म्हणून आधीच्या दिवसांत त्यांना येणं जमलं नव्हतं. एक आज्ञा टाइप करायची आणि चाळीस सेकंद थांबायचं. पासवर्ड तिला पाठ होता. बोटं कळफलकावर ठेवून ती बसली.

तिनं केलं नाही. लेखी मनाई होती, हे कारण खरंच होतं. पण त्याच्या खाली दुसरंही एक होतं आणि ते तिनं पुढे कितीतरी महिने स्वतःलाही सांगितलं नाही. तिला वाटलं, पडू दे एकदा. सगळ्यांच्या देखत पडू दे. दोन वर्षं हे कोणामुळे उभं आहे ते कळू दे. अर्धा तास बंद राहील, गभणे धावत येईल, हात जोडेल, मग आपण चालू करू.

अकरा वाजून दहा मिनिटांनी सर्व्हर बसला. पण नेहमीसारखा नाही. या वेळी लिनक्सनं नोंदणीच्या प्रोग्रामऐवजी गर्दीनं त्याहून फुगलेला, माहितीचा साठा सांभाळणारा प्रोग्राम मारला, आणि तो मारला तेव्हा आठ केंद्रांवरून एकदम नोंदी लिहिल्या जात होत्या. साठा अर्धवट फाटला. तो रीताच्या हातानं सुरू होण्यासारखा राहिला नव्हता. गभणे खरंच धावत आला, पण तिच्याकडे पाहून तो काही बोलायच्या आधीच तिला कळलं होतं की आपल्याला काही करता येणार नाही. कुलदीप नागपूरहून पोचायला तीन वाजले. साठा दुरुस्त होईपर्यंत पावणेसहा. पाच वाजता वर गेली ती आदल्या रात्री वेगळी काढून ठेवलेली यादी. त्या दिवशी रांगेचं कुपन घेतलेले तीनशे शहाऐंशी जण राहिले, त्यांत तेजरामही. मुदत वाढली नाही.

चौकशी पंधरा दिवसांनी संघाच्या सभागृहात झाली. टेबलापलीकडे तीन संचालक, बाजूला गभणे आणि कुलदीप. रीता तयारीनं गेली होती. दोन वर्षांची फाईल तिनं छापून नेली होती, प्रत्येक वेळी प्रोग्राम परत सुरू केल्याची ओळ पिवळ्या रंगानं रंगवून. दोनशे चौदा ओळी. कागद पाहिला की बोलायची गरजच पडणार नाही, असं तिला वाटत होतं.

कुलदीपनं तो गठ्ठा चाळला आणि संचालकांकडे सरकवला. त्याच्या हिशेबानं, या मॅडमनी दोन वर्षांत कोणाचीही परवानगी न घेता दोनशे चौदा वेळा आमचं सॉफ्टवेअर बंद पाडलं होतं, आणि इतक्या वेळा बंद-चालू केल्यावर माहितीचा साठा कमजोर होणारच. हे सांगताना तो रीताकडे पाहत नव्हता. ही गोष्ट धादांत खोटी होती. पण ती खोटी आहे हे त्या खोलीत दोनच माणसांना कळत होतं.

मधोमध बसलेले वयस्क संचालक स्वतः शेतकरी होते, आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी चष्मा लावून पिवळ्या ओळी मोजल्यासारखं केलं.

"पोरी, हे तूच लिहिलं का?"

"हो. मीच."

"दोनशे चौदा वेळा तू बंद केलं?"

"बंद नाही काका, परत सुरू केलं. मेमरी मोकळी व्हावी म्हणून."

"पण सुरू कराले पहिले बंद कराव लागते ना?"

ती हो म्हणाली. मग तिनं शिक्का मारलेल्या पत्राची प्रत पुढे ठेवली. गभणेनं ते नाकारलं नाही. पत्र तांत्रिक होतं, म्हणून कंपनीकडे पाठवलं, असं त्यानं सांगितलं. कंपनीला असं काही मिळालं नाही, असं कुलदीपनं सांगितलं. त्यावर कोणी काही विचारलं नाही. वयस्क संचालक अजून त्या पिवळ्या कागदावरच होते.

"त्या दिवशी सकाळी तुले मालूम होतं, का हे पडणार हाय?"

"हो."

"मंग काहून नाही केलं परत सुरू?"

"लेखी मनाई होती."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोनशे चौदा वेळा कोणाले इचारलं नाही. आन् दोनशे पंधराव्या वेळेस इचारत बसली?"

याला उत्तर होतं. नंतर रात्रंदिवस तिनं ते मनात मांडून पाहिलं, आणि दर वेळी ते बरोबर यायचं. पण त्या क्षणी तिला ती सकाळ आठवली, कळफलकावरची बोटं आठवली, आणि तिची जीभ उचलली नाही. सभागृहातल्या सगळ्यांनी त्या गप्प राहण्याचा एकच अर्थ घेतला, आणि तो सगळाच्या सगळा चुकीचा होता असं तिला म्हणता आलं नसतं.

मार्चमध्ये नवा कागद आला नाही.

गावात कोणी तोंडावर बोललं नाही. जानकीबाई मात्र नळावर, किराणा दुकानात, कोणी विचारो न विचारो, माझ्या पोरीची काही चूक नव्हती म्हणून सांगत सुटल्या, आणि त्यामुळे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक झालं. कुंदननं फोनवरून वकील पाहतो म्हटलं. रीतानं नको म्हटलं. न्यायालयात पहिला कागद कुठला मागतील हे तिला माहीत होतं.

तेजरामांचं धान व्यापाऱ्यानं खळ्यावरून उचललं. ते संध्याकाळी चंद्रभानच्या मागाशेजारी येऊन बसायचे, ते बंद झाले. एकदा रीता पिठाच्या गिरणीवर उभी असताना ते आले. तिनंच मान वर करून म्हटलं, "काका, माह्यामुळं नाही झालं जी ते."

तेजरामांनी डबा गिरणीवाल्यापुढे सरकवला. "मी कोणाले काही म्हटलं का, बाई?" ते म्हणाले. पीठ होईपर्यंत ते बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले.

यंदा तिनं गावातच, एका झेरॉक्सच्या दुकानात टेबल घेतलं. उत्पन्नाचे दाखले, पीक विम्याचे अर्ज, मुलांच्या शिष्यवृत्त्या. धानाची नोंदणी या वर्षीपासून बाहेरूनही करता यायला लागली, म्हणून त्या कामालाही लोक येतात. गावातले लोक त्यासाठी मोहाडीला जातात. तिच्याकडे येतात ते आजूबाजूच्या खेड्यांतले, तिला न ओळखणारे. अशाच एकाची नोंदणी चार मिनिटांत झाली तेव्हा तो खूश होऊन म्हणाला की यंदा सर्व्हर मस्त चालून राहिला, ते पोरगी काढली तेव्हापासून झंझट नाही. रीतानं त्याला मोबाईलवर आलेला ओटीपी विचारला, तो भरला आणि पावती छापून दिली.

त्याच आठवड्यात संघातून फोन आला. तिच्या जागी लागलेली मेघा होती, एकोडीची. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. मेघा घाबरत घाबरत बोलत होती. कंपनीनं उन्हाळ्यात नवं व्हर्जन दिलं, त्याबरोबर 'सर्व्हर आरोग्य निरीक्षण' नावाची सोय दिली, त्याचं वेगळं बिलही संघानं भरलं. तिनं सहज ती उघडून पाहिली. दर पाच मिनिटांनी मेमरी पाहते आणि कमी झाली की दुपारी दोनला प्रोग्राम परत सुरू करते. वरती कंपनीचं नाव आहे. पण संदेश मराठीत आहे, इंग्रजी अक्षरांत.

"मेमरी कमी आहे, सेवा परत सुरू केली," मेघानं वाचून दाखवलं. "ताई, हे तुमचं हाय का?"

उत्तराची वाट न पाहता मेघाच पुढे बोलली. दोन दिवसांपासून ही सोय बंद पडली आहे, मेमरी उतरून राहिली, कंपनी फोन उचलत नाही. कोणता रकाना पाहायचा तेवढं सांगा. हातानं सुरू करू का तेही सांगा.

सांगायला एक मिनिट लागलं असतं. रीताच्या तोंडात ते शब्द आलेही होते.

"तुले कोणी लेखी सांगितलं का हे पाहायले?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग पाहू नको."

"पण ताई, पडलं तर लोकायचं—"

"लेखी नाही ना? मंग पाहू नको," रीता म्हणाली आणि फोन ठेवला. आपलाच आवाज तिला गभणेसारखा वाटला. तिनं परत फोन हातात घेतला, मेघाचा नंबर काढला, आणि तो तसाच स्क्रीनवर ठेवून बसून राहिली. थोड्या वेळानं स्क्रीन काळा झाला.

जेवायला घरी आली तेव्हा जानकीबाईंनी विचारलं, दुकानात कोणाचा फोन आला होता, गल्लीतली शालू म्हणत होती की संघातून होता.

"संघातलाच होता," रीता म्हणाली.

जानकीबाईंचा चेहरा एकदम उजळला. गुडघ्यावर हात टेकत त्या अर्ध्या उठल्या. "परत बोलावून राहिले का तुले?"

रीतानं नाही म्हटलं आणि ताट ओढून घेतलं.